सात नंबरचं जाकीट

राधेश्याम शेठच्या ऑफिसात दुबईहून फॅक्स आला, तेव्हा मच्छिंद्र आणि सर्जेराव खाली गोदामात बियाण्याच्या पिशव्या मोजून गाडीत भरत होते. २००१ सालचा मे महिना होता. जालना एमआयडीसीतल्या त्या बियाणे कारखान्यात दोघं चार वर्षांपासून कामाला होते. दोघं राजूरचे, एकाच आळीतले, रोज एकाच मोटारसायकलवर येणारे.

शेठनं दोघांना वर बोलावलं. शेठचा पुतण्या बालकिशन दुबईत एका धनिकाच्या यॉटचा कारभार बघायचा. यॉट म्हणजे श्रीमंत माणसाची स्वतःची फिरायची बोट, हे शेठनंच समजावून सांगितलं. तिच्यावर डेक धुवायला, दोर बांधायला, पाहुण्यांना चढवायला-उतरवायला दोन भरवशाची माणसं हवी होती. काम तिथं शिकवणार होते, पण कागद सगळे इथूनच तयार करून न्यायचे होते. फॅक्समध्ये यादी होती: पासपोर्ट, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि समुद्रावर काम करणाऱ्याला लागणाऱ्या चार छोट्या कोर्सेसची प्रमाणपत्रं. आग विझवणं, प्रथमोपचार, बोटीवरची सुरक्षितता आणि पाण्यात जीव वाचवणं.

शेवटच्या नावावर मच्छिंद्र अडला. त्याला पोहता येत नव्हतं. राजूरमध्ये पोहता न येणारा दुसरा तरणा माणूस शोधून सापडला नसता. त्याचा मामा विहिरीत बुडून गेला होता आणि त्या दिवसापासून त्याच्या आईनं, द्वारकाबाईनं, त्याला विहिरीच्या काठावर जाऊ दिलं नव्हतं. घराबाहेर ही गोष्ट फक्त सर्जेरावला माहीत होती.

"जाकीट घालायला देतेत," सर्जेराव म्हणाला. "जाकीट घातल्यावर माणूस बुडत न्हाई. तू कागदाचं बघ, पाण्याचं मी बघतो."

कागदांचंही पुष्कळ सर्जेरावनंच बघितलं. मच्छिंद्रच्या शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख होती आणि रेशनकार्डावरून निघणारं वय दुसरंच होतं. ते जुळवून घ्यायला सर्जेराव तीन दिवस भोकरदनच्या तहसीलसमोर झाडाखाली बसून राहिला, कारण मच्छिंद्रला सुट्टी मिळत नव्हती. पोलीस चौकशीला हवालदार आला तेव्हा दोघांची घरं त्यानंच दाखवली. मुंबईला डॉक्टरांकडं दोघं एकदमच गेले. सर्जेरावची नजर इतकी साफ निघाली की डॉक्टरांनी त्याला सगळ्यात खालची बारीक ओळ दोनदा वाचायला लावली.

कोर्स पनवेलजवळच्या एका संस्थेत होते. बॅचमध्ये बावीस जण होते. पहिले तीन कोर्स मच्छिंद्रला सोपे गेले. तो बारावी झालेला, सर्जेराव आठवीतून शाळा सोडलेला. संध्याकाळी खोलीवर मच्छिंद्र त्याला प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायचा. कुठल्या आगीवर पाणी मारायचं नाही, बेशुद्ध माणसाला कसं वळवायचं. सर्जेराव लेखी परीक्षेत पास झाला त्या दिवशी त्यानं मच्छिंद्रला वडापाव खाऊ घातला.

मग तलाव आला. आदल्या दिवशी शिकवणाऱ्या मुकादम सरांनी सगळ्यांना नेऊन तो दाखवला. सर रत्नागिरीकडचे, पंचवीस वर्षं जहाजावर काढलेले, आवाज न चढवता बोलणारे. एका मजल्याएवढ्या उंच मचाणावरून जाकीट घालून उडी मारायची, पोहत जाऊन उलटा पडलेला रबरी तराफा सरळ करायचा आणि त्यात चढायचं. नंतर जाकिटाशिवाय काही वेळ पाण्यावर तरंगून दाखवायचं. मच्छिंद्र मचाणाच्या शिडीच्या चौथ्या पायरीपर्यंत चढला आणि खाली आला. सरांना म्हणाला, चक्कर आली.

खोलीवर आल्यावर त्यानंच सर्जेरावला विचारलं. ही गोष्ट नंतर त्यानं कधीच स्वतःपासून लपवली नाही. सर्जेरावनं आपण होऊन काही म्हटलं नव्हतं.

"माझ्या नंबरवर तू उडी मारशील का?"

सर्जेरावनं चादर अंथरून घेतली. मग म्हणाला, "दोन वेळेस मारली तरी मला काय होतंय. पण तिथं गेल्यावर काय करशील?"

"तिथं शिकतो. शपथ."

सगळ्यांना एकसारखे नारिंगी डगले, हेल्मेट आणि जाकिटं मिळत. जाकिटावर काळ्या रंगात नंबर. मच्छिंद्रचा सात, सर्जेरावचा एकोणीस. सात नंबर पुकारला गेला तेव्हा सातचं जाकीट घालून सर्जेराव वर चढला, उडी मारली, तराफा सरळ केला, जाकीट काढून तरंगून दाखवलं आणि पलीकडच्या काठानं कपडे बदलायच्या खोलीत गेला. तिथं मच्छिंद्र अंगावर बादली ओतून तयार होता. त्यानं सातचं जाकीट अंगावर चढवलं आणि ओल्या लोकांच्या रांगेत जाऊन बसला.

एकोणीस नंबर पुकारल्यावर सर्जेराव शिडीकडं निघाला, आणि मुकादम सरांनी त्याला थांबवलं. उडी मारायच्या आधीच त्याच्या डगल्यातून पाणी गळत होतं.

सरांनी त्याला विचारलं, कोणासाठी मारलीस. सर्जेराव खाली बघत राहिला. मग सर रांगेकडं वळले. ते म्हणाले, "ज्याच्यासाठी यानं उडी मारली त्यानं आत्ता उभं राहायचं. खरं बोललात तर दोघांना पुढच्या बॅचला पुन्हा बसवीन, कागदावर काही लिहिणार नाही. नाही बोललात तर हा एकटा घरी जाईल आणि याला इथं परत प्रवेश नाही."

पुढची बॅच पाच आठवड्यांनी होती. बालकिशननं येत्या महिन्याच्या एक तारखेला दोघांना बोलावलं होतं. मच्छिंद्रच्या डोक्यात एवढंच आलं. पाच आठवडे. तलाव तासाच्या भाड्यानं घेतलेला होता आणि फाटकाबाहेर पुढची माणसं येऊन थांबली होती, त्यामुळं सगळ्यांना परत उड्या मारायला लावणं शक्य नव्हतं. सर थांबले होते. सर्जेराव मान वर करून रांगेकडं बघत नव्हता. त्यानं बघितलं असतं तर मच्छिंद्रकडं बोट दाखवल्यासारखं झालं असतं, म्हणून तो फरशीकडंच बघत होता. मच्छिंद्र बसून राहिला.

त्याच संध्याकाळी सर्जेराव पिशवी घेऊन गेला. खोलीतून निघताना म्हणाला, "तू बोलशील वाटलं होतं." एवढंच. मच्छिंद्र त्याला स्टँडपर्यंत सोडायला गेला नाही. चार दिवसांनी त्याच्या हातात चारही प्रमाणपत्रं आली. चारही शिक्क्यांची, चारही त्याच्या नावाची.

जालन्याला परतल्यावर शेठनं पहिला प्रश्न विचारला, सर्जेरावचं काय झालं. सर्जेरावनं कारखान्यात येऊन फक्त "जमलं न्हाई" एवढंच सांगितलं होतं. मच्छिंद्र येऊन खरं सांगेल, याची तो बहुधा वाट बघत होता. मच्छिंद्रलाही "जमलं नाही" म्हणता आलं असतं. पण शेठ खोदून विचारायला लागले, मुनीमजी चष्म्यावरून बघायला लागले, आणि मच्छिंद्र बोलून गेला, "उडी मारायला घाबरला, शेठ. वर चढून परत उतरला."

शेठ हसले. मुनीमजी हसले. गावाकडं जाणाऱ्या टेम्पोतून ती गोष्ट त्याच दिवशी राजूरला पोचली. काठावरून सूर मारणारा, गणपतीच्या यात्रेत विहिरीत पडलेली पोरगी बाहेर काढलेला सर्जेराव तलावाला घाबरला, याचं लोकांना फार नवल वाटलं. त्याला लोक 'कप्तान' म्हणून हाका मारायला लागले.

मच्छिंद्र आठ दिवसांत निघाला. सकाळच्या एसटीनं जाताना राजूरच्या चौकात त्याला सर्जेराव उभा दिसला. त्याच्याकडंच बघत होता की नाही, ते मच्छिंद्रला कळलं नाही, कारण तो खाली वाकून नव्या बुटांच्या लेस बांधायला लागला आणि चौक मागं पडेपर्यंत बांधत राहिला.

यॉटवरचं काम जड नव्हतं. पहाटे डेक धुवायचा, पितळ घासायचं, दोर गोल करून ठेवायचे, पाहुणे आले की पांढरे कपडे घालून उभं राहायचं. जेवण चांगलं होतं. पगार वेळेवर होता. पण महिन्यातून एकदा कॅप्टन सगळ्यांना मागच्या फळीवर उभं करून पाण्यात उड्या मारायला लावायचा. मच्छिंद्र पहिल्या महिन्यात तापानं पडला, दुसऱ्या महिन्यात त्याचा कान दुखला, तिसऱ्या महिन्यात त्यानं मुद्दाम पायाला चिंधी गुंडाळून घेतली. कॅप्टन प्रत्येक वेळी त्याची फाइल काढायचा, तलावाचं प्रमाणपत्र बघायचा आणि म्हणायचा, ठीक आहे, तुझं झालेलं आहे. त्या कागदाकडं कॅप्टन बघायला लागला की मच्छिंद्रला सर्जेरावचा गळणारा डगला दिसायचा. शिकतो म्हणून घेतलेली शपथ तशीच राहिली. बंदरातलं काळं पाणी बघितलं की तो कठड्यापासून मागं सरायचा.

दुसऱ्या वर्षी केरळचा थॉमस नावाचा सोबती लहान बोटीत उतरताना घसरला आणि डोकं आपटून पाण्यात पडला. जवळ फक्त मच्छिंद्र होता. त्याला उडी मारता येत नव्हती, म्हणून त्यानं कठड्याला अडकवलेलं तरंगणारं गोल कडं काढून फेकलं आणि ओरडत सुटला. थॉमसच्या हाताला कडं लागलं. दुसऱ्यांनी येऊन त्याला ओढून काढलं. संध्याकाळी कॅप्टननं सगळ्यांसमोर मच्छिंद्रची पाठ थोपटली. म्हणाला, घाईनं उडी मारली की दोघंही बुडतात. यानं शिकवल्याप्रमाणे आधी कडं फेकलं, याला म्हणतात प्रशिक्षण.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डोक्याला पट्टी बांधलेला थॉमस पाया पडायला आला. मच्छिंद्रनं त्याला धरून उठवलं आणि त्याला रडू कोसळलं. सोबत्यांना वाटलं, आनंदानं रडतोय. कडं हाताला लागलं नसतं तर थॉमस त्याच्या डोळ्यांसमोर गेला असता, आणि कागदावर लिहिलेलं होतं की मच्छिंद्रला माणूस वाचवता येतो.

त्यानंतरच्या सुट्टीत, २००३ च्या डिसेंबरात, तो घरी आला. सर्जेराव राजूरला नव्हता. चौकशी केल्यावर कळलं, की गावात आणि कारखान्यात 'कप्तान, कप्तान' ऐकून तो कंटाळला, शेठचं काम सोडून एमआयडीसीतच लोखंडी सळया ओढणाऱ्या मिलमध्ये लागला आणि आईला घेऊन जालन्याजवळ चंदनझिऱ्याला राहायला गेला.

मच्छिंद्र तिथं पोचला तेव्हा दुपार होती. पत्र्याच्या दोन खोल्या. दारात सर्जेरावची आई, चतुराबाई, ज्वारी पाखडत होती. तिनं त्याला ओळखलं, पण बस म्हणाली नाही. सर्जेराव रात्रपाळी करून आला होता, आतून उठून बाहेर आला. त्याचा डावा डोळा पांढुरका झाला होता.

"तापलेल्या सळईचा कपटा उडून गेल्ता," तो म्हणाला. "दीड वर्सं झालं. दिसतं थोडं थोडं."

मच्छिंद्रनं बस प्रवासात पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. तो म्हणाला, "म्या त्या दिवशी उठायला पायजे होतं, सर्जा."

सर्जेरावनं खाट ओढून त्याला बसायला दिली. "उठला न्हाईस ते समजलं मला. माणूस घाबरतो. मला वाटलं, तिथून पत्र टाकशील." मग म्हणाला, "पण मी घाबरलो म्हणून काहून सांगितलंस? गप राह्यला असतास तरी चाललं असतं. तुझं कायबी अडलं नव्हतं."

 चतुराबाईचं सूप थांबलं होतं. तिला हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नव्हतं. ती उठून आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र पनवेलला गेला. मुकादम सर अजून तिथंच होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सात नंबर?" मच्छिंद्रनं मान हलवली आणि पाण्याचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. सरांनी त्यावर लाल शाईनं रद्द लिहिलं, तारीख टाकली, रजिस्टरमध्ये नोंद केली. म्हणाले, "दुसऱ्यालाही घेऊन या. त्याच्या नावापुढची बंदी मी आज काढतो. दोघांनी पहिल्यापासून यायचं."

हे सांगायला तो धावत चंदनझिऱ्याला आला. सर्जेराव लवकर तयार झाला नाही. चार दिवस लागले. मग एका सकाळी तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून निघाला. पण आधीच्या डॉक्टरी प्रमाणपत्राची मुदत संपली होती, म्हणून पहिल्यांदा मुंबईला डॉक्टरांकडं जावं लागलं. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकला आणि वाचायला सांगितलं. सर्जेरावनं सगळ्यात वरचं मोठं अक्षर वाचलं आणि थांबला. डॉक्टरांनी आणखी एकदा विचारलं. मग झाकण काढलं. डेकच्या कामाला दोन्ही डोळे लागतात, एका डोळ्यावर देता येणार नाही, असं त्यांनी समजुतीनं सांगितलं. मच्छिंद्र कोपऱ्यात उभा होता. दोन वर्षांपूर्वी याच भिंतीवरची सगळ्यात खालची ओळ सर्जेरावनं दोनदा वाचली होती.

परतीच्या प्रवासात औरंगाबाद येईपर्यंत सर्जेराव खिडकीला डोकं टेकून बसला होता. मच्छिंद्रला वाटलं, झोपला. मग तो म्हणाला, "मला खरं म्हणजे जायचंच नव्हतं आता. पण जाऊन पाह्यलं ते बरं झालं. न्हाईतर तुला वाटत राह्यलं असतं की भरपाई झाली."

मच्छिंद्रनं शेठला खरं सांगितलं. शेठनं बालकिशनला कळवलं, आणि दुबईची नोकरी गेली. शेठ रागावले नाहीत, फक्त त्याला समोरच्या खुर्चीवर बसायला सांगायचं त्यांनी सोडून दिलं. चतुर्थीला राजूरच्या देवळासमोर गर्दी होती. रामरावच्या हॉटेलात निम्मं गाव चहा पीत बसलं होतं. तिथं मच्छिंद्र उभा राहिला आणि कोण घाबरलं होतं, कोणी कोणाच्या नंबरवर उडी मारली, सगळं सांगितलं. लोकांनी ऐकलं. एकजण म्हणाला, जाऊ दे, आता जुनं झालं. दुसऱ्यानं चहात साखर कमी असल्याचं सांगितलं. खोटं ज्या चवीनं ऐकलं होतं, तसं खरं कोणी ऐकलं नाही. काही लोक नंतरही सर्जेरावला कप्तानच म्हणत राहिले. त्यांना त्याची सवय झाली होती.

एका रविवारी सर्जेराव आपण होऊन राजूरला आला. त्याच्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि सुती दोर होता. म्हणाला, "चल. कारभारी काकाच्या विहिरीला पाणी हाय."

"सर्जा, माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी न्हाई. तू कुठं ना कुठं बोटीवर जाशीलच. तिथं कोणाचा तरी जीव तुझ्या भरवशावर राह्यतो."

एकोणतिसाव्या वर्षी, पाठीला डबा बांधून, लहान पोरांच्या देखत मच्छिंद्र पोहायला शिकला. सर्जेराव उन्हाचा त्रास होतो म्हणून काळा चष्मा लावून काठावर बसायचा आणि पाय कसे मारायचे ते सांगायचा. फारसं दुसरं काही बोलायचा नाही. पहिले सात रविवार मच्छिंद्रनं नाकातोंडात पाणी घेतलं. आठव्या रविवारी सर्जेरावनं डबा सोडून घेतला. उन्हाळ्याच्या आत मच्छिंद्र काठावरून उडी मारायला लागला. पाण्यात पडताना त्याला अजूनही भीती वाटायची. ती गेली नाही, पण तिच्यासकट त्याला उडी मारता यायला लागली.

एप्रिलमध्ये तो पनवेलच्या तलावावर गेला. या वेळी नंबर तीन होता. मुकादम सर मचाणाखालीच उभे राहिले आणि त्याच्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी नावापुढं खूण केली. तराफा सरळ करताना त्याला दम लागला, दोनदा हात सुटला, पण झाला. नंतर त्याला मुंबईतल्या एका व्यापाऱ्याच्या लहान यॉटवर काम मिळालं. पगार दुबईच्या निम्मासुद्धा नव्हता.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी तो चंदनझिऱ्याला गेला. सर्जेराव पाळीवर होता. चतुराबाई एकटीच घरी होती. ती त्याच्याशी डिसेंबरपासून एक शब्द बोलली नव्हती. काय बोलावं ते न सुचून त्यानं पिशवीतून नवं प्रमाणपत्र काढून तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं हात पदराला पुसून कागद घेतला आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"ह्याच्यावर नाव कोणाचं हाय?"

"माझं, मावशी."

"उडी कोणी मारली?"

"म्याच."

तिनं कागद थोडा वेळ हातात ठेवला. मग कागदाला चुणी न पाडता तो त्याला परत दिला.

"माझ्या लेकाचं नाव ज्याच्यावर यायला पायजे होतं, तो कागद कुठं हाय?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, असा कुठला कागद कुठल्या ऑफिसात पडून आहे का.

"तो झालाच न्हाई, मावशी," मच्छिंद्र म्हणाला.

चतुराबाईनं मान हलवली आणि ती चुलीकडं वळली. सर्जेराव यायला अजून दोन तास होते. मच्छिंद्र दाराबाहेर पायरीवर बसून त्याची वाट बघत राहिला.